वरच्या शेतातला जुना दगड

वडील गेले, त्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी हातोडा घेऊन शेतावर गेलो. लोकांना वाटलं, पोरगं दुःखानं भ्रमिष्ट झालं. खरं सांगायचं तर दुःख वगैरे काही नव्हतंच. जेवण जेवत होतो, झोप लागत होती. पुण्यातल्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या सरांच्या हाताखाली माझी हंगामी नोकरी होती आणि आमच्या पोलादपूरच्या डोंगराचे नमुने आणायचं काम मीच पत्करलं होतं. घरी आलोच आहे तर उरकून टाकू, एवढाच विचार.

सर ते नमुने वय काढायला परदेशी पाठवणार होते. आपला डोंगर म्हणजे ज्वालामुखीच्या तापल्या रसाचे थरावर थर. खालचा थर जुना, वरचा नवा. पण डोंगर स्वस्थ बसत नाही. दरड कोसळते, वरचा तुकडा खाली येऊन पडतो. पाणी मुरून दगड कुजतो आणि कुजलेल्या दगडाचं वय कमी भरतं. म्हणून सरांचा एकच धोशा असे, "दगड जागचा पाहिजे. खात्री असेल तरच सही कर. चुकलास तर पुढच्या हंगामाला मी तुला घेणार नाही."

आमच्या सगळ्यात वरच्या शेताच्या बांधात माणसाच्या उंचीचा एक काळा दगड होता. अर्धा मातीत, अंगावर शेवाळ, दोन्ही बाजूंनी बांध त्याला येऊन टेकलेला. जन्मापासून मी तो तिथंच पाहिला होता. त्याचा कोपरा फोडला, आतला दगड ताजा निघाला. खालच्या वहाळातूनही, म्हणजे ओढ्यातूनही, एक नमुना घेतला आणि दोन्हींवर 'जागचा' लिहून सही ठोकली.

तीन महिन्यांनी सरांनी मला बोलावलं. नमुने पाठवण्याआधी त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. दोन्हींत तांदळाएवढे पांढरे स्फटिक, दोन्ही एकाच थरातले. "खालचा थर डोंगर चढून वर गेला की काय?" त्यांनी विचारलं आणि हसले. मी हसलो नाही. रागही आला नाही. जाऊन बघून ये म्हणाले, तसा एस.टी.त बसून महाबळेश्वरावरून घाट उतरलो.

आई अंगणात शेणी थापत होती. मी दगडाचं विचारलं तेव्हा तिनं मान वर केली नाही.

"ती धोंड हितली कुठं हाय? वहाळातली ती. ह्यांनी वर आणली."

"कधी?"

"तू पोटात होतास रे. दरडीनं वरचं शेत निम्मं नेलं, बांध उभाच राहीना. पाच जण होते. पहारी लावून, खाली ओंडके घालून, शिमग्यापास्नं लागले ते पार पाऊस तोंडावर आला. त्यातच ह्यांची कंबर गेली. मग ती काय सरळ झाली नाय."

दरवर्षी उन्हाळ्यात आमच्याकडे हेच चालतं. पावसानं खाली नेलेले दगड माणसं डोक्यावरून परत वर नेतात आणि बांध भरून काढतात. मीही नेलेत. पण शिकलेल्या डोक्यात डोंगर फक्त खाली येतो. आणि वडिलांचं वाकून चालणं मी वयाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो. कॉलेजात ते मला भेटायला आले, तेव्हा त्यांच्यापासून चार पावलं लांब चाललो होतो. त्याची लाज मला त्या अंगणात वाटली, इतकी की उभं राहवेना.

घरातली पहार घेऊन वर गेलो. दगडाच्या बुडाशी ती घातली आणि सगळा भार टाकला. तसूभर हलला नाही. पुन्हा टाकला, पुन्हा. हाताची सालं निघाली. मग तिथंच बसलो आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा रडलो.

पुण्याला परतल्यावर चुकीच्या नमुन्याचा छापील तक्ता भरायचा होता. वहाळातला नमुनाच वरून घसरत आला म्हणून दरडीवर खापर फोडलं असतं, तर सरांनी मान्य केलं असतं, नोकरीही कदाचित टिकली असती. नमुना हलण्याची कारणं छापलेलीच होती: दरड, ओढा, खाणकाम. तिन्हींवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'माझे वडील'. पुढच्या हंगामाला मला बोलावणं आलं नाही.