आत्याच्या नळाचा फिटर

“गप! बोलतोय त्यो.”

एवढं म्हणून तो बोट वर करायचा. पान्ह्याचं एक टोक नळाच्या पाइपावर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. समोर कलेक्टर असता तरी त्यालाही श्वास रोखून उभं राहावं लागलं असतं. असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. लोखंडाशी गोडीनं वागतात आणि माणसांवर खेकसतात.

तो गिरणीत फिटर होता आणि सुटीच्या दिवशी सोलापूरकरांच्या नळांची दुखणी बघायचा. आमच्याकडे पहिल्यांदा आला तो एका रविवारी सकाळी. मी तेव्हा शाळामास्तर. बिऱ्हाडात मी आणि मला वाढवणारी माझी विधवा आत्या, अशी दोघंच. नळ येऊन महिना झाला होता, आणि पंधरा दिवसांपासून तो सोडला की आधी घुमायचा, मग धडधडायचा आणि शेवटी रेडकासारखा ओरडायचा. पाइप भिंतीला धरून वर घरमालकांच्या खोलीत गेलेला. मालकांनी बजावलं होतं, “आजच्या दिवसात आवाज थांबला नाही, तर तुमचा नळ उपटून टाकीन. मग जा विहिरीवर!”

विहीर दोन गल्ल्या पलीकडे, आणि आत्याचे गुडघे उंबरा ओलांडतानाही कुरकुरायचे. शाळेत चार जातींच्या मुलांत बसून आलेल्या माझ्या हातचं पाणी तिच्या सोवळ्याला चालत नसे. मी पाइपाला गोणपाट गुंडाळून पाहिलं होतं. आवाज तसाच राहिला, झुरळांची मात्र सोय झाली.

फिटरनं खाली आलेल्या मालकांनाच कामाला लावलं. “सायेब, पाइप घट्ट धरा. हलू देऊ नगा.” धोतर खोचून मालक पाइपाला मिठी मारून उभे राहिले. नळ सोडला, तो ओरडलाच.

“पाइप चांगला हाय. तोटीला कुनीतरी कायतरी केलंय.”

“कोणी काही केलेलं नाही,” मी म्हणालो.

“मास्तर, पाइप खोटं बोलत न्हाई.”

स्वयंपाकघराच्या दाराआड आत्या खोकली.

त्यानं बाहेरची चावी बंद केली, तोटी उघडली आणि आत बोट घातलं. चामड्याच्या चकतीच्या जागी चार घड्या घालून शिवलेली लाल रेशमी चकती निघाली! तो रंग मी ओळखला. आत्याच्या जुन्या कदाचा, सोवळ्यात नेसायच्या रेशमी लुगड्याचा, तुकडा होता. पाण्याच्या जोरानं ते रेशीम फडफडत होतं आणि सगळ्या पाइपात घुमत होतं.

“काय निघालं?” मालकांनी मिठी न सोडता विचारलं.

फिटरनं मूठ मिटली. “गाळ, सायेब. लई गाळ.”

मालक वर गेल्यावर तो दाराशी जाऊन हळूच म्हणाला, “आक्का, काम झ्याक केलंय. टाका बी बारीक घातलाय. पन ह्ये पान्याच्या जोरापुढं टिकत न्हाई.”

आत्या रडवेली झाली. नळाच्या तोटीत चामडं असतं, असं कीर्तनाला बायकांनी तिला सांगितलं होतं. एका दुपारी पाणी बंद असताना तिनं माझ्या पकडीनं तोटी उघडली होती आणि चिमट्यानं चामडं काढलं होतं. “चामड्यावरून आलेलं पाणी माझ्या घशाखाली कसं उतरेल, बाबा?”

दुसरा कोणी हसला असता. हा उकिडवा बसला, डोकं खाजवलं आणि आपल्या सायकलीच्या पिशवीतून एक फाटकी ट्यूब घेऊन आला.

“ह्ये रबर. रबर म्हंजे झाडाचा चीक.”

“कुठलं झाड?”

“त्ये ठावं न्हाई. पन झाडच की! गाय-म्हैस न्हाई, येवढं नक्की.”

आत्यानं बराच विचार केला. “चिकाला विटाळ नाही,” असा निकाल दिला. नळ गप्प झाला. आपण दाबून धरल्यामुळेच पाइप सुधारला, असं मालक पुढं वर्षभर सांगत होते.

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी तो उगीच यायचा. “हिकडनं चाललो हुतो, म्हटलं बघावं.” तोटी उघडायची, पुन्हा लावायची, ओट्यावर बसून चहा प्यायचा आणि जायचं. “तुझ्या फिटरला आपला चहा गोड लागलेला दिसतो,” आत्या म्हणायची. मलाही तसंच वाटायचं. अशी सहा वर्षं गेली.

मग एकदा तो बरेच दिवस आला नाही, आणि नळ घुमू लागला. बोलवायला त्याच्या घरी गेलो तर कळलं, तो तापानं गेला. दोन महिने झाले. आत्याला सांगितलं. “अरेरे,” म्हणून ती तांदूळ निवडत राहिली.

दुसरा फिटर आणला. त्यानं तोटीतून झिजलेली चकती काढून नाक मुरडलं. “ट्यूबची चकती कुनी टाकली? ही तीन म्हैनं टिकली तर लई झालं. चामड्याची असती तर वरीसवरीस बघायला नको.”

मी दाराकडे पाहिलं. आत्या तिथंच उभी होती.

मी त्याला रबराचीच चकती बसवायला लावली. तो गेल्याबरोबर आत्या नेसत्या लुगड्यानिशी नळाखाली जाऊन बसली. परका माणूस नळाला हात लावून गेला, म्हणून तिची ही नेहमीची आंघोळ असेल असं मला वाटलं.

“अगं, गार पाणी आहे. थांब, बंब पेटवतो.”

“नको,” डोक्यावरून पाणी ओघळत असताना ती म्हणाली. “हे सुतकाचं आहे. माझा भाऊ गेलाय रे.”