ताबा वर्षअखेर

आमचा दादा कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका घरदलालाकडे प्रोग्रामर. ऑफिस म्हणजे चपलांच्या दुकानावरची खोली, आणि पंखा फक्त मालकाकडे बघून फिरणारा. घरांच्या जाहिराती एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर असतात. तिथे जाहिरात चढवायला कंपनीच तयार कोड देते, त्याला हे लोक लायब्ररी म्हणतात. तिला किल्ली द्यायची, घराची माहिती भरायची, बाकीचं ती बघते. ही किल्ली म्हणजे नुसती अक्षरं. सरावाची वेगळी, तिने चढवलेलं बाहेर कुणाला दिसत नाही; खरी वेगळी.

हे काम दादाकडे आलं त्याच महिन्यात डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, आई हे वर्ष काढणार नाही. आईला कळू द्यायचं नाही, असं आम्ही ठरवलं. आमच्या जुन्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, वेळेवर गोळ्या घ्यायची आणि बरं वाटतंय म्हणायची. तो विश्वास मोडायची आमची छाती नव्हती.

दादाने सराव म्हणून एक घर चढवून पाहिलं. खोटा पत्ता सुचेना, म्हणून तोंडपाठ होता तो लिहिला, आईचा. फोटो फोनमधलेच. लायब्ररी एक रकाना मात्र रिकामा सोडू देईना: ताबा कधी मिळेल? त्याने लिहिलं, वर्षअखेर. मुद्दाम नाही, हात लिहून गेला. आणि घाईत किल्ली लावली ती खरी.

चूक लक्षात आल्यावर त्याने जाहिरात काढली, पण तोवर ती आणखी चार साइटवर जाऊन बसली होती. हा गृहस्थ गप्प राहिला. काही होणार नाही, असं त्याला वाटलं. त्याला नेहमी असंच वाटतं.

रविवारी एक नवरा-बायको आईच्या दारात उभे राहिले. घर बघायला आलोय म्हणाले, वर्षअखेरीस ताबा मिळणार ना, असंही विचारलं. आईने त्यांना आत घेतलं, पाणी दिलं, दोन्ही खोल्या दाखवल्या. ते गेल्यावर तिने आम्हाला बोलावून घेतलं.

दादाने किल्ली, सराव, लायब्ररी सगळं समजावून सांगितलं. मला त्याचा इतका संताप आला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पत्ता चुकून गेला, समजलं," ती म्हणाली. "तारीख कशी रे गेली?"

दादा, चाळिशीचा बाप्या, ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. शेवटी डॉक्टर काय म्हणाले ते मीच सांगितलं. सांगताना माझा आवाज वकिलासारखा कोरडा निघाला, त्याची मला अजून लाज वाटते.

आई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "त्या बाईला ओटा आवडला. उंची बरोबर आहे म्हणाली. घर तिलाच दे."