हिवरखेड्याच्या बाया

रेणुका, तुझी छकुली परत आली की तिच्याकडून हे वाचून घे. त्या सकाळचं खापर गाव तुझ्या टोळीवर फोडतंय आणि तू मान खाली घालून ऐकून घेतेस, ते मला बघवत नाही. काय झालं ते गावाला एकदा धड सांगायलाच हवं. त्यापुरतं तुला 'ती' म्हणते. राग मानू नकोस. मानलास तरी मी सांगणारच.

रेणुका ही बायांच्या टोळीची मुकादम. गाव रोहिणखेडच्या अलीकडचं. पहाटे पिकअप येते, टोळी उभ्याउभ्या तीत भरते आणि जिल्हा ओलांडून जामनेरकडच्या हिवरखेड्याच्या केळीच्या बागांत निंदायला जाते. आपल्याकडे शेतं नाहीत असं नाही. पण तेच खुरपं, तीच वाकलेली पाठ, आणि शीव ओलांडली की मजुरीचा रोज शंभराने वाढतो. मग कोण थांबेल?

टोळी पहाटे जाणार, दिवेलागणीला येणार. गावचं आरोग्य उपकेंद्र उघडं असतं ते मधल्या वेळात. त्यामुळे रीतच पडून गेली, की जी बाई त्या दिवशी घरी राहील तिने सगळ्या टोळीच्या गोळ्या आणायच्या. रक्तवाढीच्या, कॅल्शियमच्या, तापाच्या. उपकेंद्रातली सिस्टर शाहीन मलकापूरची, कंत्राटी, पण राहायची गावातच. ती कधी नाही म्हणाली नाही. कागदावर मात्र एकच रुग्ण चढायचा. आणि एखादी बागेत आजारी पडली, तर तिकडच्याच दवाखान्यात दाखवायची. ती मोजली जायची शेजारच्या जिल्ह्यात.

दिवाळीनंतर शाहीन रेणुकाच्या दारात आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. वरून विचारणा आली होती. इतके थोडके रुग्ण, तर तिथे बाळंतपणाची खोली आणि मुक्कामाची सिस्टर कशाला? निधी जाणार जिथे गर्दी असेल तिथे. पाहणीला साहेब येणार, समोर येतील ते रुग्ण मोजणार, आणि त्यावरून शाहीनची जागा राहते की दुसरीकडे उचलतात ते ठरणार.

रेणुकाने मागे वळून घरात पाहिलं. तिची लेक छकुली पहिलटकरीण, माहेरी आलेली. आठवा महिना, अंगात रक्त कमी, पाय सुजलेले. अवेळी कळा सुरू झाल्या तर मोताळ्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत गाडी मिळेल तेव्हा मिळेल. शाहीन मात्र चार घरांपलीकडे.

"मावशी, एक सकाळ साऱ्या बायांना घेऊन या," शाहीन म्हणाली. "गोळ्या राहू द्या, तोंडं दाखवा."

"अन् बागवाल्याले काय सांगू? त्याले दुसरी टोळी भेटते."

"मग छकुलीचं काय करू ते तुम्हीच सांगा."

पाहणीच्या दिवशी रेणुकाने पिकअप उपकेंद्रासमोरच उभी करवली. बाया डबे मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या. साहेबांचा पत्ता नाही. ऊन ओट्यावर चढलं. गाडीवाला हर्षल सारखा हॉर्न वाजवायचा आणि म्हणायचा, साहेब येईपर्यंत केळी पिकतील. एरवी बाया हसल्या असत्या. टोळीतली सगळ्यांत जुनी मनकर्णाबाई पदर झटकून उठली.

"पोरगी तुही बाळंतीण होणार, अन् खाडा आमचा काऊन?"

"आखाडात तुह्या सुनेचं बाळंतपण कोणी केलं? शाहीननं का बागवाल्यानं?" रेणुकाने तिथल्या तिथे सुनावलं. "उठून राह्यली त जाय. पण मंग शाहीनच्या तोंडाकडं पाहून जाय."

मनकर्णाबाई बसली. पण पाठ करून बसली.

त्यातच बागवाल्याचा फोन. घंटाभरात टोळी दिसली नाही तर उद्यापासून येऊ नका. रेणुका फोन घेऊन पिकअपच्या आडोशाला गेली, दादा-भाऊ करत, पोरीची शपथ घालत राहिली. नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली.

साहेब आत गेले, दारात टॅबलेट घेऊन एक माणूस बसला. नाव, वय, तक्रार. मान वर न करता त्याने विचारलं, "कुठल्या बाया?"

आता हे नीट ऐका. टोळीला हा प्रश्न दिवसभर असतो. रस्त्यात, बागेच्या फाटकाशी, तिकडच्या दवाखान्यात. कुठल्या बाया, म्हणजे कोणत्या गावच्या बागेवरच्या. गाडी समोर उभी, डबे हातात, कामाचीच घाई. मनकर्णाबाई पहिली होती. ती म्हणाली, "हिवरखेड्याच्या." मागच्या सगळ्यांनी तेच सांगितलं. त्याने तेच भरलं. शाहीन आत साहेबांना बाळंतपणाची खोली दाखवत होती.

रेणुका परत आली तेव्हा बाया गाडीत चढत होत्या. झालं म्हणाल्या. त्या दिवशी बागेत तिचं खुरपं हलकं चाललं. संध्याकाळी शाहीन वेशीवरच उभी दिसली. साऱ्या नोंदी जिल्ह्याबाहेरच्या धरल्या होत्या. इथल्या हिशेबात त्यांतली एकही बाई नव्हती. महिनाअखेरीस शाहीनने दुसरीकडे हजर व्हायचं.

"त्यानं इचारलं कोठच्या," मनकर्णाबाई पुटपुटली. "रोज जे सांगतो तेच सांगितलं."

गावातले शहाणे म्हणतात, बायांना स्वतःच्या गावाचं नाव सांगता येईना. येत होतं. शहाण्यांच्या घरची एक तरी बाई त्या पिकअपमध्ये उभी राहते का, ते आधी सांगा.

तर रेणुका, दुसऱ्याच दिवशी तू शाळेत माझ्याकडे आलीस. मी म्हटलं, मनकर्णाबाईला आणि आणखी दोघी-चौघींना घेऊन बुलढाण्याला जाऊ, आधार कार्डं दाखवू, नोंद दुरुस्त करून घेऊ. अर्ज मी लिहिते, भांडतेही मीच. तिथले साहेब भेटतात मंगळवारी, आणि बाया समोर हव्यात असं त्यांनी फोनवर बजावलेलं. तुझ्या टोळीची सुट्टी शुक्रवारी, बाजाराची. एक मंगळवार खाडा कर, असं तुला दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, "मॅडम, त्या सकाळचा अर्धा रोज कापला बागवाल्यानं. आता खाडा केला त गाडीच येनार नाही." मी साहेबांकडे शुक्रवारची वेळ मागून पाहिली, मिळाली नाही. महिना सरला. शाहीनने खोलीला कुलूप लावलं, तू छकुलीला मलकापूरला मावसबहिणीकडे नेऊन ठेवलंस, आणि बुलढाण्याला आपलं जाणं काही झालं नाही.