लोखंडाला ओरडायला शिकवताना

भोपाळ स्टेशनवर दाजी मला घ्यायला टेम्पो घेऊन आले. टेम्पोत आधीच एक लोखंडी खांब आडवा झोपला होता. "पाय वर घेऊन बसा," दाजी म्हणाले, "पाहुणे दोन आहेत."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्तीनंतर भोपाळच्या अवधपुरीत राहतात आणि भाड्याच्या शेडमध्ये कोळशाच्या खाणीसाठी खांब बनवतात. खाणीचं छत पूर्वी साल वृक्षाच्या ओंडक्यांवर तोलायचे. लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं, तेवढ्यात माणसं पळतात. लोखंड दमदार, पण गप्प. म्हणून दाजींनी एका नळीत दुसरी नळी अशी बसवली होती, की भार फार झाला की ती हळूहळू सरकावी आणि ओरडावी. ताईनं मात्र बजावलं होतं, "हा खांब नापास झाला तर शेडला कुलूप."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैतूलकडून रामदीन सरदार (खाणीतल्या तुकडीची सुरक्षितता पाहणारा) परीक्षेला आला. ऐटदार मिशा, त्याहून ऐटदार संशय.

"नीचे अँधेरे में कान ही चलता है," तो म्हणाला. "पंखा चालू करो, नीचे भी शोर रहता है. और ऐसा आदमी खड़ा करो जिसे कुछ न आता हो."

दाजी आणि ताई, दोघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं.

खांबावर भार देणाऱ्या यंत्राकडे पाठ करून मी उभा राहिलो, हातात पोहे-जलेबीची प्लेट. मागे करकर झाली आणि मी दाराबाहेर.

"मामाजी, अभी बटन भी नहीं दबाया," रामदीन म्हणाला. ताईनं शेवेचा डबा उघडला होता. सगळे हसले, दाजी सोडून.

आता फसायचं नाही असं ठरवून मी पाय रोवले. पंखा घरघरत राहिला. मग पाठीमागून अशी किंकाळी आली, की पायांनी मला काही विचारलंच नाही. भानावर आलो तेव्हा रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली होतो. जलेबी तोंडात, प्लेट हातात.

रामदीननं खांबाला सावकाश प्रदक्षिणा घातली. "खंबा खड़ा है, मामाजी भाग गए. यही चाहिए था. थोड़े भेजिए, नीचे लगाकर देखेंगे."

दाजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. ताईनं त्यांना जलेबी वाढली, मला नाही.

मी पुण्याला परतल्यावर काही आठवड्यांनी दाजींचा फोन आला. खाली एक खांब ओरडला होता. रामदीनची सगळी तुकडी बाहेर आली, मग छताचा तुकडा पडला. "रामदीन विचारत होता, मामाजी अजून तेवढंच पळतात का?"

आमच्या झोपाळ्याच्या कड्या फार वाजतात. त्या दिवशी बायको तेलाची बाटली घेऊन आली होती. मी ती काढून घेतली आणि फडताळात अगदी मागे ठेवली.