तिसरा सिलिंडर

आमच्या जुन्या छोट्या गाडीचं इंजिन तीन सिलिंडरचं. बाबा मागच्या सीटवरून म्हणायचे, "अरे, ही दोनवरच चालतेय." मी म्हणायचो, "बाबा, वय झालंय तिचं. थरथरणारच." नायगावच्या पुलावर ती धापा टाकायची, तरी मी आपला शहाणाच.

बाबा गेल्यावर महिन्याभराने तिला तुळिंजला मेकॅनिककडे नेलं. त्याने चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक काढून पाहिल्या. दोनदा इंजिन अडखळलं. तिसरी काढली, तर काहीच फरक नाही.

"काका, हा सिलिंडर तर कधीचाच बंद. कळलं नाही तुम्हाला?"

"घरात एकाला कळलं होतं," मी म्हणालो.

नवा प्लग बसला आणि थरथर थांबली. परतताना पुलावर रिकाम्या मागच्या सीटला मी मोठ्याने सांगितलं, "बाबा, तीनवर चालतेय."