बॅटरीवाल्या भाऊसोंचं रक्त

पलूसच्या चौकात भाऊसोंचं बॅटरीचं दुकान आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. तीस वर्षं ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांत ॲसिड भरून या माणसाच्या पँटींची चाळण झाली होती, पण डोकं शाबूत होतं. ते बिघडवलं एका इंग्रजी सिनेमानं. त्यात परग्रहावरचा प्राणी जखमी होतो आणि त्याचं रक्त सांडून यानाचे तीन मजले विरघळतात.

दुसऱ्या दिवशी भाऊसो म्हणाले, "रक्त म्हंजे ॲसिडच. पर गड्या, त्याच्या शिरा कशा जळत न्हाईत?"

"सिनेमा हाय त्यो, भाऊसो."

"न्हाई. बॅटरीतलं शिसं तरी कुठं जळतंय? ॲसिड लागलं की वर पापुद्रा धरतो, आतलं शिसं वाचतं. त्या जनावराचंबी तसंच आसनार." मग त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "आन् मी तीस वर्सं ॲसिडची वाफ ओढतोय."

त्या दिवसापासून हा गृहस्थ आपल्या रक्तातलं ॲसिड पातळ राहावं म्हणून रोज सकाळी बॅटरीचं डिस्टिल वॉटर प्यायला लागला. दाढी करताना बेसिनखाली प्लास्टिकची बादली. डास चावला तर काळजी डासाची! मला हसू यायचं आणि चीडही.

तेवढ्यात त्यांच्या बायकोचं, रंगूवहिनींचं, गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं. सांगलीच्या दवाखान्यात सांगितलं, रक्त लागेल, बदल्यात घरच्या कुणीतरी द्या. मुलगा शिवतेज फौजेत, पार सरहद्दीवर. मी इन्सुलिनवर, माझं चालत नाही. आणि भाऊसो हटून बसले. "माझं रक्त कुनाच्या तरी अंगात जानार. आतनं भोकं पडली तर पाप कुनाला?"

इकडे वहिनी दिवसेंदिवस पांढऱ्या पडत चाललेल्या. शेवटी माझी सटकली. दंडाला धरून भाऊसोंना गाडीवर बसवलं आणि सांगली गाठली.

रक्तपेढीत त्रिशला नावाच्या मुलीनं त्यांचं बोट टोचून थेंब निळ्याशार मोरचुदाच्या पाण्यात सोडला. भाऊसो माझ्या पाठीमागे लपले. थेंब गुपचूप तळाला गेला. वाफ नाही, फेस नाही.

"बुडाला, म्हणजे रक्त चांगलं आहे," ती म्हणाली. "या पाण्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे जडपणा, एक हजार त्रेपन्न असते. त्याहून जड असेल तरच आम्ही घेतो."

बॅटरीचं ॲसिडही याच मापानं तपासतात; ग्रॅव्हिटी म्हटल्यावर भाऊसोंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "ताई, फुल चार्ज बॅटरी बाराशे पन्नास दावती. ही तर पार डाऊन हाय की!"

"माणसाची एवढीच असते, काका."

त्यांना खरोखर वाईट वाटलं. तरी मुकाट्यानं झोपून बाटली भरून दिली.

ऑपरेशन नीट झालं. वहिनींना दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त चढत होतं आणि भाऊसो स्टुलावर बसून नळीवर नजर ठेवून होते. "जळतंय का गं? कुनाचं हाय, त्यो काय धंदा करतोय, कुनी इचारलं तरी का?"

वहिनींनी डोळेही उघडले नाहीत. "आवं, मला भाजंल म्हून महिनाभर तुमी हात लावला न्हाई. आता तरी धरा."

भाऊसोंनी तळवा शर्टाला दोनदा पुसला आणि वहिनींचा हात धरला. मी बाहेर व्हरांड्यात गेलो, कारण रडू मलाच फुटलं होतं.