बुटांचा रकाना

कुटुंब न्यायालयाच्या तळमजल्यावर मुलांची खोली आहे. आईबाप वेगळे झाले की एकाजवळ राहणारं मूल दर शनिवारी तासभर दुसऱ्याला इथे भेटतं. खोली सांभाळणाऱ्या मावशी कोण कधी आलं, कधी गेलं, हे मिनिटासकट रजिस्टरात लिहीत. त्यात एक रकाना त्यांनी स्वतःच्या डोक्यानं पट्टीनं आखला होता: बूट. रमलेलं मूल बूट काढून सतरंजीवर बसतं. ज्याला पळायचं असतं ते घालूनच बसतं. अठरा वर्षांत हा अंदाज चुकला नव्हता. कारकून मात्र फिदीफिदी हसत. "मावशी, चपलांचं दुकान काढा!"

सहा वर्षांची एक चिमुरडी बापाला भेटायला यायची. पहिले चार शनिवार बूट घालून, पाठ फिरवून बसली. बाप बिचारा शेजारी गुपचूप चित्रं रंगवत बसे. न्यायालयाच्या समुपदेशकबाईंचा अहवाल त्या चार भेटींवरूनच गेला, आणि आईच्या वकिलांनी अर्ज ठोकला: मुलीला बाप नको आहे, भेटी बंद करा.

सुनावणीला न्यायाधीशबाईंनी रजिस्टर मागवलं, बरोबर मावशींनाही.

"हा रकाना कसला?"

मावशींनी रकान्यावर बोट ठेवलं. "बाईसाहेब, मूल ज्याच्याजवळ राहतं त्याच्या मनासारखं बोलतं. म्हणून मी पायांकडे बघते. पाचव्या शनिवारी अकरा वीसला हिनं डावा बूट काढला. सहाव्या खेपेला दोन्ही. परवा निघताना नाडी बांधायला पाय बापापुढे केला."

मागच्या बाकावर आईला हुंदका फुटला. "मी विचारलं की म्हणायची, नाही आवडत तिथे. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होती होय?"

भेटी बंद झाल्या नाहीत. उलट शनिवारी मुलीला बागेत न्यायची परवानगी बापाला मिळाली. मावशींचा ऊर भरून आला. खाली येताना कारकुनांच्या टेबलापाशी त्या मुद्दाम थांबल्या. "दुकान बरं चाललंय हो!"

पुढच्या शनिवारी पोरगी आली ती बूट न काढताच दारात उभी राहिली, बापाचं बोट घट्ट धरून. "बाबा, बागेत चल ना लवकर!"

मावशींनी रकान्यात लिहिलं: काढले नाहीत. अठरा वर्षांत अंदाज पहिल्यांदाच साफ चुकला होता, आणि त्याचा मावशींना कोण अभिमान वाटला!